एंजल म्हणून नाव कुठे घडवायचं: लिंक्डइनवर की स्वतःच्या मासिक पत्रात?

एंजल म्हणजे नव्या कंपनीत स्वतःच्या खिशातले पैसे घालणारा गुंतवणूकदार. पहिल्या फेरीत पाच-दहा लाखांचा चेक देणाऱ्या एंजलच्या पैशाला स्वतःचं असं वजन नसतं. तेवढी रक्कम फाउंडरला त्याचा काका देतो, जुना बॉस देतो, कॉलेजचा मित्रही देतो. कॅप टेबलवर, म्हणजे कंपनीच्या भागधारकांच्या यादीत, तुम्हीच हवेत असं त्याला वाटायचं असेल, तर पैशाआधी तुमचं नाव त्याच्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं आणि तुम्ही नेमक्या कशातले जाणकार आहात हेही. नाव पोचलेलं नसेल तर डील येत नाहीत असं नाही. त्या येतात, पण सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरून, बाकीच्यांनी पाहून सोडून दिल्यावर.

नोकरी किंवा धंदा सांभाळून गुंतवणूक करणाऱ्याच्या हाती यासाठी आठवड्याला तीन-चार तास असतात. ते तास लिंक्डइनवर नियमित लिहिण्यात घालायचे, की स्वतःची मेलयादी उभी करून महिन्याला एक पत्र, म्हणजे न्यूजलेटर, पाठवण्यात? दोन्ही रेटून करू म्हणणारे बहुतेक जण दोन्ही अर्धवट करतात. मी दोन्ही वापरली आहेत. माझा कल पुढे दिसेलच, पण तुमचं क्षेत्र आणि स्वभाव वेगळा असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

तिसरी वाट एंजल नेटवर्कची, म्हणजे एकत्र येऊन डील पाहणाऱ्या एंजलांच्या गटाची. इंडियन एंजल नेटवर्क, मुंबई एंजल्स यांसारख्या नेटवर्कमधून सुरुवात करणं शिकण्यासाठी उत्तम. छाननी कशी करतात, टर्म शीटमधल्या (गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यातल्या) कुठल्या कलमावर अडून बसायचं, हे तिथे बसून कळतं. नावाच्या दृष्टीने मात्र अडचण ही, की फाउंडरच्या लक्षात नेटवर्क राहतं, तुम्ही राहत नाही. पैसा एंजल फंडातून, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या फंडातून, गेला तर कॅप टेबलवरही फंडाचंच नाव येतं. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने नियम बदलले आणि एंजल फंडांना नवे पैसे फक्त मान्यताप्राप्त, म्हणजे अॅक्रेडिटेड गुंतवणूकदारांकडूनच घ्यायला सांगितलं. व्यक्तीसाठी त्याचा ढोबळ निकष वर्षाला २ कोटी उत्पन्न, किंवा साडेसात कोटींची निव्वळ मालमत्ता आणि त्यातली निम्मी आर्थिक साधनांत. हे बसत असेल तर नेटवर्क जरूर पाहा. ते नाव घडवायला पर्याय नाही, पूरक आहे.

लिंक्डइन जिथे खरंच पुढे आहे

वेग. नव्या माणसाला शून्यातून ओळख मिळवून देण्यात लिंक्डइनच्या जवळपास काही येत नाही. तुम्ही वीस वर्षं चाकणच्या वाहनउद्योगात काढली आहेत आणि आता ईव्हीच्या सुट्या भागांत गुंतवणूक करू पाहता, तर तुमचे जुने सहकारी, पुरवठादार, ग्राहक सगळे तिथे आधीच आहेत. सहगुंतवणूकदार मिळवायलाही तेच ठिकाण. एका राउंडमध्ये अनेकदा बरेच एंजल असतात, आणि त्यांतले काही एकमेकांना आधी लिंक्डइनवरच ओळखू लागलेले असतात.

ते नीट करायचं तर हेडलाइनपासून सुरुवात करा. 'एंजल इन्व्हेस्टर, मेंटर, वक्ता' या तीन शब्दांतून फाउंडरला काहीच कळत नाही. 'अन्नप्रक्रिया आणि शेतीची यंत्रं, पहिली फेरी, ५ ते १५ लाखांचा चेक, महाराष्ट्र-कर्नाटक' असं लिहिलं तर ज्याने यायला हवं तो येतो, आणि क्रिप्टोचा डेक (कंपनीची ओळख करून देणारं सादरीकरण) घेऊन येणारा बराचसा थांबतो. चेकचा आकार उघड लिहायला लोक लाजतात. लाजू नये. दोन कोटी उभे करायला निघालेल्या फाउंडरला तुमच्या सात लाखांत रस आहे की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. दोघांचाही वेळ वाचतो.

पोस्टची मर्यादा ३,००० अक्षरांची आहे, पण वाचकाला आधी दिसतात दोन-तीन ओळीच. त्या ओळींत प्रश्न किंवा आकडा नसेल तर पुढचं कितीही चांगलं असो, उघडलं जात नाही. यातून एक सवय लागते आणि ती धोक्याची आहे. पहिल्या ओळीसाठी माणूस लिहू लागतो. नोकरकपातीवरचं मत, अपयशाचं कौतुक, पहाटे उठण्याचे फायदे यांना भरपूर वाचक मिळतात, आणि फाउंड्रीच्या वाळूच्या पुनर्वापरावर तुम्ही लिहिलेली खरी कामाची पोस्ट मोजके लोक वाचतात. आकडे पाहून पुढच्या वेळी हात आपोआप पहिल्या प्रकाराकडे वळतो. वर्षभराने तुमचं नाव झालेलं असतं, पण ज्या गोष्टीसाठी व्हायला हवं होतं तिच्यासाठी नाही.

पोस्टपेक्षा टिप्पण्या जास्त उपयोगी, असं माझं मत बनलं आहे. तुमच्या क्षेत्रातले पंधरा-वीस फाउंडर निवडा. ते काही तांत्रिक लिहितील तेव्हा खाली चार ओळींची नेमकी भर घाला: कुठल्या प्रमाणपत्राला प्रत्यक्षात किती महिने लागतात, मोठ्या कंपनीचं खरेदी खातं नव्या पुरवठादाराला किती दिवसांनी पैसे देतं, चाचणीची ऑर्डर आणि कायमची ऑर्डर यांत काय अडतं. 'अभिनंदन, खूप शुभेच्छा' लिहून कुणाच्याही लक्षात राहता येत नाही.

जी गोष्ट मला शेवटी सहन झाली नाही

ती म्हणजे तिथली निरोपांची पेटी.

पोस्ट चालली की निरोप येतात. त्यांत विमा विकणारे असतात, संपत्ती व्यवस्थापक असतात, सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांचे विक्रेते असतात, नोकरी शोधणारी मुलं असतात, आणि त्यांच्यामध्येच कुठेतरी फाउंडर असतो. तोही एका निरोपात सगळं सांगत नाही. आधी 'नमस्कार सर'. तुम्ही उत्तर दिलंत की 'दोन मिनिटं बोलता येईल का?' मग डेकची लिंक, जी उघडायला परवानगी मागावी लागते. क्षेत्र कुठलं, किती पैसे हवेत, आतापर्यंत किती आले, विक्री आहे की नाही, यांतलं काही पहिल्या तीन निरोपांत नसतं. दोष त्याचा नाही. त्या खिडकीची घडणच गप्पांची आहे, अर्ज लिहिण्याची नाही.

एक डेक जेमतेम पाहायलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. 'नाही' म्हणायचं असेल तर कारण द्यायला आणखी पाच. मेलमध्ये मी प्रत्येक डीलला लेबल लावतो, सीएला किंवा सहगुंतवणूकदाराला अख्खा धागा पुढे पाठवतो आणि दोन वर्षांनी तोच फाउंडर परत आला की मागचं सगळं समोर असतं. लिंक्डइनच्या पेटीत ही शिस्त मला कधीच लावता आली नाही. मग उत्तरं राहू लागतात.

उत्तर राहणं एंजलला इतर कुणाहीपेक्षा महाग पडतं. नकार फाउंडरला खुपत नाही. त्याची त्याला सवय असते, आणि कारणासहित आलेला नकार तो चांगल्या शब्दांत इतरांना सांगतोही. खुपतं ते मौन. आणि लिंक्डइनवर ते मौन उघड्यावर असतं: तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेल्या निरोपाला उत्तर नाही, आणि काल सकाळी तुम्ही 'फाउंडरच्या पाठीशी उभं कसं राहावं' यावर लिहिलेली पोस्ट त्याला दिसते आहे. हे दोन्ही एकाच पडद्यावर दिसतं. फाउंडर एकमेकांत बोलतात. पुण्यात वेंचर सेंटर किंवा सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट, मुंबईत आयआयटीचं साइन, अशा एकाच इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात, बसणाऱ्या लोकांत 'तो उत्तर देत नाही' हे एक वाक्य तुमच्या वर्षभराच्या पोस्टपेक्षा लवकर पसरतं. जितकं जास्त लिहाल तितके निरोप वाढतात, आणि जितके निरोप वाढतात तितकं नाव मलिन होण्याची सोय होते. नाव घडवण्यासाठी जे करायचं त्यानेच ते झिजावं, हे मला पटेना.

यावरचे उपायही वापरून पाहण्यासारखे आहेत, पण अपुरे. प्रोफाइलवर अर्जाची लिंक ठेवली तर ज्यांच्याकडे चार गुंतवणूकदार रांगेत आहेत असे चांगले फाउंडर ती भरत नाहीत. नेमके तेच तुम्हाला हवे असतात. उत्तरांसाठी मदतनीस ठेवला तर स्वतःचं खातं दुसऱ्याच्या हाती देणं लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही, आणि उत्तरातला कोरडेपणा समोरच्याला लगेच कळतो.

पत्राची वाट: सावकाश, पण आपली

मेलयादीची गैरसोय आधी सांगतो. ती फार हळू वाढते. पहिले सहा महिने बहुतेक वाचक ओळखीचेच असतात, आणि त्यांतल्या काहींनी केवळ भिडेखातर नाव नोंदवलेलं असतं. कुणी शोधून सहज सापडत नाही. टाळ्या दिसत नाहीत. ज्याला लिहिल्याबरोबर प्रतिसाद लागतो त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

पण पत्राला येणारं उत्तर वेगळ्या जातीचं असतं. ज्याने तुमची चार पत्रं वाचली आहेत तो 'नमस्कार सर' एवढंच लिहून थांबत नाही. तुम्ही काय पाहता, काय पाहत नाही, हे त्याला माहीत असतं, कारण ते प्रत्येक पत्राच्या तळाशी असतं. तो तळाचा मजकूर पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यात क्षेत्र, टप्पा, चेकचा आकार आणि वर्षाला साधारण किती नव्या गुंतवणुका हे लिहावं. पहिल्या मेलमध्ये काय हवं ते लिहावं: कंपनी काय करते याच्या दोन ओळी, किती उभे करायचे, किती आले, मागच्या तीन महिन्यांची विक्री, आणि डेकची पीडीएफ प्रत. उत्तर किती दिवसांत मिळेल तेही. मी दहा दिवस धरतो. पाळता येणार नसेल तर पंधरा लिहा, पण पाळा. शेवटी, मेल करणाऱ्या फाउंडरची ज्यांच्याशी स्पर्धा असू शकते अशा कुठल्या कंपन्यांत तुमचे पैसे आधीच आहेत ते लिहा. या शेवटच्या ओळीची गरज लोक ओळखत नाहीत. स्पर्धकाचा डेक उघडल्यावर 'आम्ही तुमच्या स्पर्धकात आहोत' असं सांगणं म्हणजे विश्वास कायमचा गमावणं. डेक उघडण्याआधी सांगावं.

परदेशातून गुंतवणूक करणाऱ्या मराठी मंडळींनी तळाशी आणखी एक ओळ घालावी: पैसे परत बाहेर नेता येतील अशा पद्धतीने घालणार की नाही. पहिल्या प्रकारात शेअर दिल्यापासून ३० दिवसांत कंपनीला रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो, आणि दुसऱ्या प्रकारात तो पैसा देशांतर्गत गुंतवणुकीसारखा धरला जातो. फाउंडरच्या कंपनी सेक्रेटरीचा हा पहिला प्रश्न असतो. उत्तर आधीच तयार असणारा एंजल लक्षात राहतो.

पत्रात लिहायचं काय? एका पत्रात एकच प्रश्न, सातशे ते नऊशे शब्दांत, आणि तो असा की फाउंडरला सहा महिन्यांनीही शोधून वाचावासा वाटेल. एक उदाहरण देतो. भारतात कन्व्हर्टिबल नोटवर, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाच्या कागदावर, पैसे घ्यायचे तर कंपनीला डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता हवी, आणि एका गुंतवणूकदाराकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. मुदत आता दहा वर्षांपर्यंत. म्हणजे सात लाखांचा एंजल नोटमध्ये येऊच शकत नाही. त्याच्यासाठी सीसीपीएस (पुढे सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर) किंवा त्यावर बेतलेला आयसेफसारखा तयार करार लागतो. अनेक फाउंडर अमेरिकेतल्या सेफचा, म्हणजे पुढे शेअर देण्याच्या तिथल्या साध्या कराराचा, मसुदा उतरवून घेतात आणि शेअर देण्याच्या वेळी सीए अडवतो. 'लहान चेक कुठल्या कागदावर घ्यायचा' एवढ्याच विषयावर लिहिलेलं पत्र वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवलं जातं. तीच गोष्ट लिंक्डइनवर लिहिली तर दोन दिवसांत खाली जाते आणि नंतर तुम्हाला स्वतःलाही ती शोधावी लागते.

लिहिलेल्या, जपून ठेवलेल्या मजकुराने नाव कसं घडतं याचे दाखले आहेत. नवल रविकांत आणि बाबक निवी यांनी २००७ मध्ये वेंचर हॅक्स हा ब्लॉग सुरू केला, आणि त्यात टर्म शीटची कलमं फाउंडरच्या बाजूने उलगडून सांगितली. २०१० मध्ये एंजललिस्ट उभी राहिली ती त्या वाचकांच्या विश्वासावर. आपल्याकडे मुंबईच्या १००एक्स.व्हीसीने २०१९ मध्ये आयसेफचा मसुदा सर्वांसाठी खुला केला, आणि ज्यांनी त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला नाही अशा फाउंडरांच्या तोंडीही ते नाव बसलं. दोन्हीकडे फाउंडरच्या हातात काहीतरी वापरण्याजोगं पडलं होतं.

तांत्रिक बाजू एका रविवारी उरकते, पण नीट करावी. स्वतःचं डोमेन घ्या. मेल पाठवण्यासाठी त्याचं उपडोमेन ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर रोजच्या पत्रव्यवहाराच्या पत्त्याला त्याची झळ कमी लागते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, घाला; मेल खरंच तुमच्याकडून आला आहे हे त्यांवरून पडताळलं जातं. डीमार्क आधी केवळ निरीक्षणावर ठेवा, अहवाल स्वच्छ दिसले की कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. जीमेलच्या लेखी मोठं म्हणजे दिवसाला ५,००० मेल. आपली यादी तेवढी नसते, तरी या नोंदी नसलेलं पत्र स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात, म्हणजे हजारात तीनही खूप झाल्या.

सबस्टॅकवर सुरू करायलाही हरकत नाही. विनामूल्य पत्राला तिथे काही पडत नाही. पैसे घेऊन पत्र पाठवलं तर ते १० टक्के घेतात, पण एंजलने पत्राचे पैसे घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. महत्त्वाचं हे की यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून बाहेर नेता येते. लिंक्डइनचीही न्यूजलेटरची सोय आहे आणि तिथे वाचक भराभर वाढतात, पण त्यांचे मेल पत्ते तुमच्या हाती येत नाहीत. यादी वाढते, पण ती तुमची नसते.

सर्वांत जास्त बिघडतं ते पहिल्याच दिवशी. लोक फोनमधले, व्हिजिटिंग कार्डांवरचे, जुन्या कार्यक्रमांच्या नोंदवहीतले सगळे पत्ते यादीत ओततात. निम्म्यांना तुम्ही आठवत नाही, ते स्पॅमचं बटण दाबतात, आणि पुढची वर्षभराची पत्रं जीमेल संशयाने पाहतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच संमती हा आहे. म्हणून आधी एकेकाला साधा वैयक्तिक मेल करा, लिंक द्या, त्याला स्वतः नाव नोंदवू द्या, आणि नोंदणीनंतर पुष्टीचा मेल जाईल अशी दुहेरी व्यवस्था ठेवा. यादी लहान राहील. राहू द्या.

मराठीत पत्र लिहिणाऱ्यांसाठी एक बारकावा. जीमेल साधारण १०२ किलोबाइटनंतर मेल कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संगणकातल्या लिपी साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, रोमनचं एक. त्यामुळे नक्षीदार टेम्पलेट वापरलं तर मराठी पत्र लवकर कापलं जातं, आणि कापला जातो तो तळ, जिथे तुमचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर आहे. साधं टेम्पलेट वापरा. रंगीत पट्ट्या आणि पाच-सहा सोशल मीडियाची चिन्हं काढून टाका.

किती जणांनी उघडलं या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने आयओएस १५ बरोबर मेलची गोपनीयता वाढवली, तेव्हापासून न वाचलेली पत्रंही उघडल्यासारखी मोजली जातात. उत्तरं मोजावीत. शंभर वाचकांमागे दोन-तीन माणसांनी मनापासून उत्तर लिहिलं तर पत्र जिवंत आहे असं मी मानतो. हे मोजमाप शास्त्रीय नाही, पण मला पुरेसं वाटतं.

दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट, आणि ती चुकू नये

'माझ्या पोर्टफोलिओतली एक भन्नाट कंपनी पैसे उभे करते आहे, रस असेल तर निरोप करा' अशा पोस्ट रोज दिसतात. हेतू चांगला असतो. पण २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ४२ खासगी वाटपाबद्दल, म्हणजे ठरावीक लोकांनाच शेअर देण्याबद्दल, स्पष्ट आहे. शेअर घेण्याचा देकार (ऑफर) आधीच निश्चित केलेल्या व्यक्तींनाच द्यायचा, एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना, आणि जाहिरात, माध्यमं किंवा विक्रीच्या वाटा वापरून तो आम जनतेला कळवायचा नाही. उल्लंघन ठरलं तर दंड जमा केलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो, आणि पैसे व्याजासकट परत करावे लागतात. हा भार पडतो कंपनीवर, प्रवर्तकांवर आणि संचालकांवर. म्हणजे तुमच्या उत्साहाची किंमत फाउंडर मोजतो. हजार लोकांना जाणारं पत्रही यातून सुटतं असं समजू नये.

म्हणून चालू राउंडबद्दल कुठेच लिहायचं नाही. योग्य सहगुंतवणूकदाराला नावानिशी, एकेकट्याला मेल करायचा, फाउंडरला विचारून. शेअर वाटप होऊन त्याची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म भरला गेला की, तोही फाउंडरने होकार दिल्यावर, 'आम्ही यात का पैसे घातले' असं सविस्तर लिहा. एंजलचं सर्वांत चांगलं लेखन तेच असतं. त्यात काय पटलं, कशाची भीती वाटली आणि काय घडलं तर आपण चुकलो असं मानू, हे तीनही यायला हवं. कंपनी गुंतवणूकदारांना दर महिन्याला पाठवते त्या एमआयएस अहवालातले (विक्री-खर्चाच्या हिशेबातले) आकडे मात्र कधीच नाहीत, नाव गाळूनसुद्धा नाही. पुण्या-नाशिकच्या वर्तुळात नाव गाळलेली कंपनी ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.

नोकरीत असाल तर कंपनीच्या हितसंबंध धोरणात बाहेरच्या गुंतवणुकीची आगाऊ माहिती द्यायची अट आहे का, ते पाहून घ्या. लिंक्डइनवर तुमचं एचआर तुमची पोस्ट त्याच दिवशी वाचतं.

भाषा

माझ्या अनुभवात फाउंडर मराठीत जास्त खरं बोलतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याचा मुलगा किंवा सांगलीचा हळद प्रक्रिया करणारा इंग्रजी डेकमध्ये जे लिहीत नाही, ते मराठी पत्राच्या उत्तरात सहज लिहितो: वडिलांच्या नावावरचं कर्ज, जमिनीतला चुलत्याचा हिस्सा, उधारीवर अडकलेले पैसे. गुंतवणुकीच्या निर्णयाला हेच लागतं. उलट, बंगळुरूच्या सहगुंतवणूकदाराला तुमचं मराठी पत्र वाचता येणार नाही. म्हणून फाउंडरसाठी मराठी पत्र आणि सहगुंतवणूकदारांसाठी लिंक्डइनवर अधूनमधून इंग्रजी, ही विभागणी मला जमली. बिझनेस सॉफ्टवेअर हेच तुमचं क्षेत्र असेल तर मराठीचा आग्रह तितका उपयोगी ठरणार नाही, हे मान्य.

मग कुणी काय निवडावं

पहिल्या एक-दोन वर्षांत असाल, क्षेत्र अजून पक्कं नसेल, सहगुंतवणूकदारांची ओळख हवी असेल, किंवा पुढे एखाद्या फंडात जायचा विचार असेल, तर लिंक्डइनचं पारडं जड आहे. आठवड्याला एक पोस्ट, रोज दहा मिनिटं टिप्पण्या, आणि निरोपांसाठी आठवड्यातली दोन ठरलेली सत्रं राखून ठेवा. सत्रं राखणार नसाल तर लिहूच नका.

क्षेत्र पक्कं आहे, वर्षाला तीन-चारच चेक लिहायचे आहेत आणि दहा वर्षं हे काम करायचं आहे, अशांना मी पत्राकडे वळायला सांगेन. वर्षाला चार गुंतवणुका करणाऱ्याला दहा हजार अनुयायी कशासाठी हवेत? त्याला दोनशे असे वाचक हवेत, ज्यांतले चाळीस फाउंडर आहेत आणि बाकीचे फाउंडरला ओळखणारे सीए, इन्क्युबेटरचे व्यवस्थापक, प्राध्यापक आणि जुने कारखानदार. डील बहुतेक वेळा या दुसऱ्या गटाकडून येते. 'हे पत्र वाच आणि यांना मेल कर' असं सांगून सीए एखाद्या तरुण फाउंडरला तुमच्याकडे पाठवतो, तेव्हा ओळख आणि शिफारस एकदमच होते.

लिंक्डइन सोडायचं नाही, त्याला पाटीचं काम द्यायचं. प्रोफाइलवर ठळक जागी पत्राचा दुवा, हेडलाइनमध्ये क्षेत्र आणि चेक, आणि परिचयात एक वाक्य: 'डेक मेलवर पाठवा, इथल्या निरोपांना उत्तर देता येत नाही.' हे वाक्य उद्धट वाटेल अशी भीती असते, पण त्याने मौनाचा दोष जातो. आलेल्या निरोपाला तेच वाक्य आणि मेलचा पत्ता चिकटवला की काम झालं. ज्याला खरंच पैसे हवेत तो मेल करतो.

महिन्याच्या पत्रातला एखादा परिच्छेद लिंक्डइनवर टाकावा, पूर्ण पत्र टाकू नये. दुवा पोस्टमध्ये द्यावा की पहिल्या टिप्पणीत, यावर लोक वाद घालतात. मला फरक जाणवला नाही. पत्र मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पाठवा. सोमवारी फाउंडर आठवड्याच्या बैठकांत असतो, आणि शनिवारी पाठवलेलं पत्र सोमवारच्या ढिगाखाली जातं. तळाचा मजकूर दर एप्रिलमध्ये नव्याने लिहा. नव्या आर्थिक वर्षात किती रक्कम बाजूला काढली आहे, त्यातली किती जुन्या कंपन्यांच्या पुढच्या फेरीसाठी राखली आहे आणि नव्या चेकसाठी किती उरली आहे, ते आकड्यांत. रक्कम संपली असेल तर तसंही लिहा: 'मार्चपर्यंत नवी गुंतवणूक नाही, पण कागदपत्रांचे प्रश्न विचारा.'